क्लाइहोर्नच्या वळणावरची बाई

आमच्या कचेरीत अल्सिना डाइकेमाचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. प्रांतातले पूल माझ्याकडे आणि घातक मालाचे रस्ते तिच्याकडे. अमोनिया, क्लोरीन, गॅस असलं काही पोटात घेऊन निघालेला टँकर कुठल्या रस्त्याने जाईल आणि कुठल्या रस्त्यावर त्याने चाकसुद्धा ठेवायचं नाही, हे ती ठरवायची. कामाचं सूत्र साधं होतं. जिथे माणसं कमी, तिथून न्यायचं.

बंदरावरच्या खत कारखान्याचे अमोनियाचे टँकर वर्षानुवर्षं हास्टरवोल्ड गावाच्या पोटातून जायचे. शाळेसमोरून, मंगळवारच्या बाजाराला खेटून, वृद्धाश्रमाच्या खिडक्यांखालून. एका बाजाराच्या दिवशी टँकरचा आरसा चीजवाल्याच्या गाडीला घासला. झालं काहीच नाही, चीजची एक मोठी चकती घरंगळत गटारात गेली आणि लोक हसले. अल्सिना मात्र हसली नाही.

"वुब्बो, आरशाऐवजी झडप निसटली असती ना, तर हसणारे सगळे तिथेच आडवे झाले असते," ती मला म्हणाली. "अमोनिया आहे तो. एक श्वास पुरतो."

तेव्हापासून ती पर्यायी रस्त्याच्या मागे लागली. तो तिला सापडलाही. समुद्राच्या बांधालगतचा जुना रस्ता. एका बाजूला बांध, त्यावर मेंढ्या. दुसऱ्या बाजूला बीटाची शेतं आणि पाण्याने भरलेला खोल चर. वाटेत एकच वस्ती, क्लाइहोर्न, तीही चार घरांची. त्यातली तीन घरं सरकारने घेतली आणि पाडली. त्या लोकांनाही तिथे कंटाळा आलाच होता. चौथ्या घरात हार्मान्ना वीर्सुम राहायची. ऐंशी पार केलेली, नवरा जाऊन बराच काळ लोटलेला, मूलबाळ नाही. तिला सगळा भाग आत्या म्हणायचा. ती काही केल्या हलेना.

नियम असा, की त्या रस्त्यापासून ठरावीक अंतरात कुणी राहत असेल तर टँकर न्यायचे नाहीत. म्हणजे एक म्हातारी उठत नाही तोवर सगळं हास्टरवोल्ड टांगणीला.

अल्सिना तिच्याकडे जात राहिली. दोनदा मीही गेलो, कारण पुढे समुद्राचं पाणी अडवणाऱ्या दारांवरचा पूल माझ्या ताब्यात होता आणि तो बघायचाच होता. आत्याचं घर ठेंगणं, विटांचं. दाराशी लाकडी बूट पालथे घातलेले. ती निळा एप्रन लावून दार उघडायची, कॉफी आणि मसाल्याच्या केकचा एकेक तुकडा पुढे ठेवायची, आणि खिडकीशी बसायची. त्या खिडकीतून रस्त्याचं वळण दिसायचं, दुसरं काही नाही.

"आत्या, हास्टरवोल्डला वृद्धाश्रमात खोली छान आहे," अल्सिना म्हणायची. "ऊब आहे, माणसं आहेत, जेवण आयतं."

"माणसं मला इथेही आहेत."

"कोण आहे इथे? मेंढ्या?"

"मेंढ्या वाईट नसतात. निदान दर आठवड्याला कागद घेऊन येत नाहीत."

अल्सिना हसायची आणि पुन्हा मुद्द्यावर यायची. "तुम्ही इथे आहात म्हणून ते टँकर शाळेसमोरून जातायत, आत्या. तुम्हाला पोरांची काळजी नाही का?"

म्हातारी खिडकीबाहेर बघत राहायची. एकदा एवढंच म्हणाली, "मला पोरांचीही काळजी आहे. पण मी गेले तर इथे बघायला कोण?"

आम्हाला वाटलं, घराकडे बघायला. म्हाताऱ्या माणसांचं असतं तसं. अल्सिनाने तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं, मी बघेन, येताजाता नजर ठेवीन. आत्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, जणू या बाईला जमेल का याचा अंदाज घेत होती. मग उन्हाळ्याच्या शेवटी ती निघाली. एक पेटी, एक घड्याळ, आणि तोच निळा एप्रन.

घर पाडलं. विटाही उचलून नेल्या. सप्टेंबरमध्ये टँकर बांधाच्या रस्त्याने जायला लागले आणि हास्टरवोल्डच्या शाळेने अल्सिनाला मुलांनी काढलेली चित्रं पाठवली. तिने ती टेबलामागे चिकटवली. आमचा साहेब रुलोफ चहा पिताना त्या चित्रांकडे बोट करून म्हणायचा, "बघा, आमच्या खात्याला आजवर शिव्याच आल्या, पहिल्यांदा फुलं आली."

बीटाचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे धुकं येतं. ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या चिखलावरून ते उठतं, बांध ओलांडतं आणि शेतांवर बसून राहतं. भर दुपारी दिवे लावावे लागतात. अशाच एका दिवसानंतर सीप्को कचेरीत आला. सीप्को हा अमोनियाच्या टँकरवाल्यांतला सगळ्यात जुना. अंगाने दाराएवढा, बोलायला लागला की थांबत नाही.

"अल्सिना, त्या म्हातारीला हलवलं म्हणतेस ना तू?"

"हलवली. का?"

"मग परत आलीये ती. काल वळणावर उभी होती. एप्रन बांधून. मला हात करत होती, असा, खाली-खाली. हळू चल म्हणून."

"घरच नाहीये तिथे, सीप्को."

"घर नाहीये ते मलाही दिसतं. म्हणूनच सांगतोय. थंडीत उभी राहते बिचारी. कुणीतरी तिला कोट तरी द्या."

अल्सिनाने तिथल्या तिथे वृद्धाश्रमात फोन लावला. तिकडून सांगितलं, हार्मान्नाबाई उन्हाळ्यापासून इमारतीच्या बाहेर पडलेल्या नाहीत. गुडघे चालत नाहीत. आत्ता त्या मोहरीचं सूप पीत बसल्या आहेत, बोलायचंय का?

"नको," अल्सिना म्हणाली आणि फोन ठेवला.

सीप्को एकटाच असता तर आम्ही सोडून दिलं असतं. पण आठवड्याभरात आणखी दोन ड्रायव्हर तेच बोलले. त्यातला एक पोलंडचा होता, त्याला ना आत्या माहीत ना क्लाइहोर्न. त्याने तर अल्सिनाचे आभार मानले. "वळणावर माणूस ठेवलात, चांगलं केलंत. वळण वाईट आहे."

रुलोफने ते ऐकलं आणि खुर्ची मागे झुलवली. "आता काय करायचं? नियमाप्रमाणे तिथे कुणी राहायला नको. भूत कायम वास्तव्याला असेल तर ते मोजायचं की नाही?"

"रुलोफ, गंमत पुरे."

"गंमत नाही करत. शेजारच्या कुठल्यातरी शेतकऱ्याची बाई असेल, बीट बघायला येत असेल. जाऊन बघ आणि तिला हाकल. माणूस दिसला म्हणून कुणी वर कळवलं, तर रस्ता बंद करावा लागेल मला."

टँकरमध्ये ड्रायव्हरखेरीज कुणाला बसवता येत नाही, असा कायदाच आहे. म्हणून पुढच्या धुक्याच्या दिवशी सीप्कोचा टँकर पुढे आणि त्यामागे कचेरीची गाडी घेऊन मी, शेजारी अल्सिना, असे आम्ही निघालो. दुपार होती. टँकरच्या मागची नारिंगी पाटी आणि दोन लाल दिवे, एवढंच जग उरलं होतं. काचा वर असूनही चिखलाचा खारा वास आत येत होता. एरवी अल्सिना गाडीत काळ्या पावाचा डबा उघडून बसते. त्या दिवशी डबा मांडीवर तसाच होता.

वळणाच्या अलीकडे सीप्कोचे ब्रेकचे दिवे लागले. टँकर अगदी चालीच्या वेगाने सरकायला लागला, रस्त्याच्या मधोमध, चराकडची कड सोडून. आणि तो पुढे सरकला तशी त्याच्या मागून आम्हाला ती दिसली.

मी साधा माणूस आहे. पुलाला तडा आहे की नाही, हे मी बघतो आणि तसं सांगतो. त्यामुळे जे दिसलं तेच सांगतो. चराच्या कडेला एक बाई उभी होती. डोक्याला रुमाल, गडद एप्रन, पायात लाकडी बूट. चेहरा धुक्यात नीट दिसत नव्हता. उजवा हात पुढे करून ती तळवा खाली दाबत होती, पुन्हा पुन्हा, घाई न करता. कुणी झोपलेल्या मुलाला थोपटतं तसं.

"आत्या!" अल्सिना ओरडली आणि मी गाडी थांबवायच्या आत उतरली.

ती धावत गेली. मी हॅण्डब्रेक ओढून तिच्यामागे गेलो तेव्हा ती एकटीच उभी होती. बाई नव्हती. पळून जायला तिथे जागा नाही. एकीकडे पाणी, दुसरीकडे उघडं शेत. अल्सिना पायाखाली बघत होती.

"वुब्बो, पुढे येऊ नकोस."

तिच्या बुटांच्या पुढे गवत खाली गेलं होतं. मी पोटावर पडून हाताने गवत बाजूला केलं. रस्त्याची कड आतून पोकळ होती. चराच्या पाण्याने खालची माती ओढून नेली होती आणि वर फक्त डांबराचं छप्पर राहिलं होतं, खाली हात घातला तर कोपरापर्यंत आत जाईल इतकी पोकळी. वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. भरलेल्या टँकरचं चाक त्यावर आलं असतं, तर टँकर चरात उलटला असता.

सीप्को पुढे थांबून आला, त्याने ते पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

रस्ता बंद झाला. चराच्या काठाला पोलादी पत्रे ठोकायचं काम निघालं आणि तोवर टँकर पुन्हा हास्टरवोल्डमधून, शाळेसमोरून. गावकऱ्यांनी कचेरीत येऊन अल्सिनाला जे बोलायचं ते बोलून घेतलं. तिने टेबलामागची चित्रं काढून खणात ठेवली.

मग ती आत्याकडे गेली आणि मलाही घेऊन गेली. एकटीला जायची भीती वाटत होती, असं ती म्हणाली नाही, पण मला कळलं. आत्याची खोली पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. आम्ही बसलो असतानाच खालून एक टँकर गेला आणि काचेचे पेले थरथरले.

"आत्या, तुमचे आभार मानायला आलेय," अल्सिना म्हणाली. "कसं ते मला कळत नाही. पण तुम्ही वळणावर होतात. आम्ही बघितलं."

आत्याने तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "मी?"

"एप्रन घातलेली. हळू चला म्हणून हात करत होतात."

"ती मी नव्हे, पोरी." म्हातारी अगदी सहज म्हणाली, कुणी चुकीच्या नावाने हाक मारावी आणि आपण दुरुस्त करावं तसं. "मी कधी धुक्यात बाहेर पडले नाही. माझी छाती कुठे चांगली होती? मी खिडकीतून तिला बघायची."

अल्सिनाने खुर्ची पुढे ओढली.

"मी लग्न होऊन आले तेव्हा ती तिथे होतीच," आत्या पुढे म्हणाली. "तेव्हा घोड्यांच्या गाड्या जायच्या, त्यांना हात करायची. नंतर ट्रॅक्टरना. माझ्या नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, त्याच्या आईनेही बघितलीये. कोण, कुठली, कुणाला ठाऊक नाही. धुकं आलं की यायची. माझ्याकडे कधी वळून बघितलं नाही तिने. पण मी रोज दिवा लावून बसायची. म्हटलं, एवढ्या थंडीत उभी राहते तर तिला निदान कुणाचा तरी दिवा दिसावा."

"म्हणून तुम्ही हलत नव्हतात," मी म्हणालो.

"तुम्हाला सांगितलं असतं तर मला इथे नाही, दुसऱ्याच ठिकाणी नेऊन ठेवलं असतं तुम्ही."

ते खरं होतं. अल्सिना हसलीही आणि रडलीही. निघताना आत्याने तिचा हात धरून ठेवला. "तू बघीन म्हणाली होतीस. बघते आहेस ना?"

"बघतेय."

ख्रिसमसच्या आधी पत्र्यांचं काम पुरं झालं. काठ इतका पक्का झाला, की मी स्वतः त्यावर भरलेला ट्रक उभा करून पाहिला. टँकर पुन्हा बांधाच्या रस्त्याने सुरू झाले. धुकंही आलं. वळणावर कुणाला काही दिसलं नाही. आम्हाला वाटलं, तिचं काम झालं, ती गेली. रुलोफने तर कचेरीत केक आणला.

केक संपायच्या आत सीप्को आला. या वेळी बसला नाही, दारातच उभा राहिला.

"ती पुलावर आहे," तो म्हणाला.

"कुठल्या पुलावर?" मी विचारलं, पण मला माहीत होतं. त्या रस्त्यावर एकच पूल आहे, समुद्राच्या दारांवरचा. भरतीला दारं मिटतात, ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतात. त्यावरून टँकर जातो तेव्हा खाली सगळ्या प्रांताचं पाणी असतं.

"अलीकडच्या टोकाला. आणि हळू चल म्हणत नव्हती, अल्सिना." सीप्कोने आपला हात वर केला, तळवा आमच्याकडे, बोटं सरळ. "अशी उभी होती. मी थांबलो. बराच वेळ थांबलो. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा ती नव्हती. मग गेलो. पण मी पुन्हा नाही जाणार."

अल्सिनाने कुणालाही न विचारता फोन उचलला आणि पुलावरून घातक माल बंद केला. कारण म्हणून तिने माझं नाव सांगितलं, पुलाची तपासणी. मी पाणबुडे पाठवले. खांब, पाया, दारांच्या बिजागऱ्या, सगळं बघितलं. काही नाही. मी दुसऱ्या गावचे, माझ्या ओळखीचे नसलेले पाणबुडे आणले. त्यांनाही काही सापडलं नाही. पूल चांगला आहे, म्हणाले, तुमच्या नातवंडांना पुरेल.

अल्सिना आत्याला सांगायला गेली. मी या वेळी नव्हतो. तिने नंतर मला सांगितलं. तिला वाटलं होतं, आत्या काहीतरी उलगडून सांगेल. पण ऐकताना म्हातारीचा चेहरा पांढरा पडला.

"ती तिथून हलली?"

"हो."

"ती कधी हलली नव्हती." आत्या पांघरूण बाजूला सारायला लागली. "मला घरी ने. दिवा लावायला हवा. तिला वाट सापडत नसेल. घर आहे ना अजून?"

अल्सिनाने आत्याच्या पायांवर पांघरूण नीट केलं आणि ती बसून राहिली. खालून टँकर गेले की आत्या दचकायची. मार्चमध्ये ती गेली. क्लाइहोर्नला आता थडग्यापुरतीही वस्ती नाही, म्हणून तिला हास्टरवोल्डलाच पुरलं. सीप्को आला होता, कोट घालून, टोपी हातात धरून.

इकडे हास्टरवोल्डने वर्तमानपत्रात आवाज उठवला. पूल ठीक आहे, दोनदा तपासलाय, मग टँकर आमच्या पोरांसमोरून का? रुलोफने अल्सिनाला आत बोलावलं. भिंत पातळ, मला सगळं ऐकू येत होतं.

"मला कारण दे. एखादा तडा दे, एखादा गंजलेला खिळा दे. काहीही दे, मी तुझ्या मागे उभा राहतो."

"कारण तुला माहीत आहे."

"ते मी कागदावर कसं लिहू?"

"वळणावर तिचं खरं निघालं होतं, रुलोफ."

"आणि शाळेसमोर टँकर उलटला, तर त्या आईबापांना मी काय सांगू? पुलावर एक बाई होती?"

अल्सिना बाहेर आली आणि आपल्या टेबलाशी बसली. रुलोफ वाईट माणूस नाही, आणि तो चुकत होता असं मी आजही म्हणू शकत नाही. उन्हाळ्यात तिला सायकलींच्या रस्त्यांकडे बदललं आणि तिच्या जागी आलेल्या मुलाने पूल खुला केला. सीप्कोने टँकर सोडला. तो आता दूध गोळा करतो, गोठ्यागोठ्यातून.

याला तीन हिवाळे झाले. टँकर रोज त्या पुलावरून जातात. पूल उभा आहे. नियमाने मला तो वर्षातून एकदा बघायचा असतो. मी दर महिन्याला जातो, आणि धुकं असेल तर मध्येही. खाली उतरतो, खांबाला हात लावतो, वरून टँकर जाताना ते जड ओझं दगडातून माझ्या तळव्यात उतरतं, आणि मग ओसरतं. मी वर येतो. बिजागऱ्या ठीक, दारं ठीक.

नव्या ड्रायव्हरांना मी आडून आडून विचारतो. कुणाला कुणी दिसत नाही. बहुतेकांना तर मी कशाबद्दल बोलतोय हेच कळत नाही. एकजण म्हणाला, "तिथे कोण येणार, साहेब? तिथे तर कुणी राहतच नाही."

कचेरीत अल्सिनाचं टेबल आता खिडकीकडे आहे. बाहेर पांढरं झालं की ती जागेवरून उठते, माझ्याजवळ येते आणि हळूच विचारते, "आज कुणाला दिसली?"

"नाही."

"कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही, अल्सिना."

ती मान हलवते. आम्ही दोघं थोडा वेळ तिथेच उभे राहतो, बाहेर बघत. ही बातमी चांगली आहे की वाईट, ते अजून आम्हाला कळलेलं नाही.